मोटारीची उंची, चाके आणि प्रवाससुख : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील दोन मोटारींच्या आधारे

चाकण येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात डिसेंबर २००९ पासून पोलो ही लहान मोटार तयार होऊ लागली. तिच्या युरोपीय बहिणीशेजारी ती उभी केली असती, तर रूपात फारसा भेद दिसला नसता. मात्र जमिनीपासूनची तिची उंची काही मिलिमीटरांनी अधिक भरली असती. भारतीय रस्त्यांचा विचार करून निर्मात्यांनी ती मुद्दाम वाढविली होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, याच जातीच्या मोटारींच्या शर्यती भारतात सुरू झाल्या आणि शर्यतीसाठी सिद्ध केलेली पोलो पुन्हा चांगलीच खाली उतरविण्यात आली. एकाच मोटारीची ही तीन रूपे तीन प्रकारच्या रस्त्यांना दिलेली तीन उत्तरे होत. अडचण उद्भवते ती दुसऱ्या रस्त्यावर तिसरे रूप चालविण्याची हौस निर्माण झाली म्हणजे.

ही हौस आज पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात पुष्कळ ठिकाणी दिसते. जेथे मोटारी घडविणारे हात आहेत, तेथे त्या आपल्या मनाप्रमाणे बदलून घेण्याची इच्छा असणे स्वाभाविकच आहे. स्प्रिंगा, आघातशोषक, चाके व टायर या सर्वांचे निर्माते या पट्ट्यात आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा आघातशोषकांचा कारखाना चाकणजवळ कुरुळी येथे आहे. ब्रिजस्टोनचा टायरांचा कारखाना चाकणला आहे. मोटारगाड्यांच्या कसोट्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात काम करीत आहे. तरीही मोटार खाली उतरविण्याचे प्रत्यक्ष काम बहुधा या संस्थांच्या छायेत होत नाही. ते रस्त्याकडेच्या गाळ्यात, डोळ्यांच्या अंदाजाने होते. मोटार देखणी दिसू लागते आणि महिन्याभरात मागच्या आसनावर बसणारी वडीलधारी माणसे तक्रार करू लागतात. ही तक्रार टाळता येण्यासारखी आहे की उंची कमी करण्याचे ते अटळ मोल आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम प्रवाससुख म्हणजे काय, याचा यांत्रिकीच्या दृष्टीने निर्णय केला पाहिजे. मोटारीचे शरीर स्प्रिंगांवर तरंगत असते. त्याला धक्का दिला असता ते ज्या वेगाने खालीवर हिंदकळते, ती त्याची नैसर्गिक कंप्रता होय. ही कंप्रता स्प्रिंगेचा ताठपणा व तिच्यावरील वस्तुमान यांच्या भागाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर मोटारीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग किती दबली आहे, एवढे समजले की कंप्रता समजते. स्प्रिंग २४८ मि.मी. दबली असेल तर कंप्रता सेकंदास १ आवर्तन, म्हणजे १ हर्ट्झ, येते. १७३ मि.मी. दबली असेल तर १.२, ११० मि.मी. असेल तर १.५ आणि केवळ ६२ मि.मी. असेल तर २ हर्ट्झ. घरगुती वापराच्या मोटारी सर्वसाधारणपणे १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान ठेवल्या जातात. मनुष्यशरीर, विशेषतः बसलेल्या माणसाचे पोट व पाठीचा कणा, ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वांत अधिक संवेदनशील असते. शरीरकंपनाविषयीच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व दिलेले आहे. म्हणून मोटारीची कंप्रता या पट्ट्यापासून जितकी खाली, तितका रस्त्याचा उपद्रव प्रवाशापर्यंत कमी पोचतो.

हा उपद्रव किती वाढतो याचा अंदाज करणे कठीण नाही. अवमंदन क्षणभर बाजूला ठेवले, तर ५ हर्ट्झच्या कंपनाचा १.३ हर्ट्झच्या मोटारीत सुमारे ७ टक्के भाग शरीरापर्यंत पोचतो. मोटार १.८४ हर्ट्झची केली की तो १६ टक्क्यांच्या घरात जातो आणि २.४६ हर्ट्झची केली की ३२ टक्के होतो. प्रत्यक्षात अवमंदनामुळे हे आकडे याहून मोठे असतात. १.८४ आणि २.४६ या विशिष्ट संख्या येथे का घेतल्या, ते आता पाहावयाचे आहे.

एका चाकावर स्प्रिंगेवरील वस्तुमान २८० किलोग्रॅम आणि कंप्रता १.३ हर्ट्झ असलेली एक काल्पनिक, परंतु पोलोच्या जातीच्या मोटारीशी मिळतीजुळती रचना विचारात घेऊ. चालक व एक प्रवासी बसलेले आहेत. या अवस्थेत चाकाच्या ठिकाणी मोजलेला स्प्रिंगेचा ताठपणा दर मिलिमीटरला सुमारे १८.७ न्यूटन येतो. चाकाला वर येण्यासाठी, रबरी गादीला टेकण्यापूर्वी, ८५ मि.मी. मोकळी वाट आहे असे समजू. ही रबरी गादी, जिला गॅरेजमध्ये बंप स्टॉप म्हणतात, चाक व शरीर यांच्यामधील शेवटचा पहारेकरी होय. चाक तिच्यापर्यंत पोचले की कोमल स्प्रिंगेची सत्ता संपते आणि धक्का जवळजवळ जसाच्या तसा आसनापर्यंत येतो.

आता मोटार २५ मि.मी. खाली घेतली. मोकळी वाट ६० मि.मी. उरली. पूर्वी जो खड्डा स्प्रिंगेने गादीला न टेकता पचविला असता, तोच आताही पचवावयाचा असेल, तर ६० मि.मी. मध्ये तेवढीच ऊर्जा साठवावी लागेल. स्प्रिंगेतील ऊर्जा ताठपणा व दबण्याचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून ताठपणा ८५ भागिले ६० यांच्या वर्गाइतका, म्हणजे दुपटीहून किंचित अधिक, वाढवावा लागतो. कंप्रता ताठपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्याने ती नेमकी ८५ भागिले ६० या प्रमाणात वाढते : १.३ वरून १.८४ हर्ट्झ. यातून एक सोपा नियम निघतो. मोकळी वाट ज्या प्रमाणात घटते, त्याच्या व्यस्त प्रमाणात कंप्रता वाढविणे भाग पडते. १५ मि.मी. खाली घेतल्यास १.५८ हर्ट्झ, ४० मि.मी. खाली घेतल्यास २.४६ हर्ट्झ. पहिल्या आकड्याचे मोल बहुतेकांना सोसेल. शेवटचा आकडा शर्यतीच्या मोटारीचा आहे, कुटुंबाच्या मोटारीचा नव्हे. अर्थात हा हिशेब आघातशोषकाने खाल्लेली ऊर्जा आणि उत्तरोत्तर ताठ होत जाणाऱ्या स्प्रिंगांचे साहाय्य गृहीत धरीत नाही. ती दोन्ही धरल्यास आकडे सौम्य होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

या हिशेबाच्या प्रकाशात स्प्रिंग कापण्याच्या प्रचलित पद्धतीचे परीक्षण करणे बोधप्रद ठरते. गोल तारेच्या सर्पिल स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. १२ मि.मी. जाडीची पोलादी तार, १२० मि.मी. व्यासाचे वेटोळे आणि ६ सक्रिय वेटोळी असतील, तर ताठपणा दर मिलिमीटरला २० न्यूटनांच्या आसपास येतो. त्यांतील एक वेटोळे कापले की तो २४ न्यूटनांच्या जवळ जातो, म्हणजे सुमारे २० टक्के वाढतो. उंची मात्र भाराखालील एका वेटोळ्याच्या अंतराइतकी, समजा ३५ मि.मी., कमी होते. ८५ पैकी ५० मि.मी. वाट उरली असता ताठपणा जवळपास २.९ पट हवा होता, मिळाला १.२ पट. साहजिकच मोटार क्षणाक्षणाला रबरी गादीवर आदळू लागते. मालकाला वाटते, स्प्रिंग फार कडक झाली. वस्तुस्थिती उलट आहे : उरलेल्या वाटेच्या मानाने स्प्रिंग फार मऊ राहिली आहे आणि जो दणका बसतो तो स्प्रिंगेचा नसून गादीचा आहे. याच गैरसमजामुळे पुढच्या खेपेस आणखी मऊ टायर किंवा जाड गादीचे आसन बसविण्याकडे वळण्याची चूक घडते. शिवाय कापलेले टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही, आणि मोटार जॅकवर उचलली किंवा एखाद्या खळग्यावरून चाक लोंबले, की स्प्रिंग आपल्या जागेतून सुटण्याचा संभव असतो. तार तापवून वेटोळी बसविण्याचा प्रकार तर पोलादाचे पाणीच उतरवितो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

भाराचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. उंची कमी करताना मोटार बहुधा रिकामी उभी असते; ती चालते ती मात्र भरून. मागील प्रत्येक चाकावर प्रवाशांचे व सामानाचे ८० किलोग्रॅम अधिक आले, तर वरील मूळ स्प्रिंग आणखी ४२ मि.मी. दबते. ८५ मि.मी. पैकी ४३ उरतात. स्प्रिंग तशीच मऊ ठेवून मोटार २५ मि.मी. खाली घेतली असती, तर भरलेल्या मोटारीला फक्त १८ मि.मी. वाट उरली असती. गणपतीला गावी निघालेले कुटुंब सबंध वाट रबरी गादीवर बसून गेले असते. ताठपणा दुप्पट केला असता तोच भार केवळ २१ मि.मी. दाबतो व ३९ मि.मी. वाट शिल्लक राहते. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. पूर्ण भरलेली मूळ मोटार आपल्या उंचीपासून ४२ मि.मी. खाली असते, बदललेली मोटार २५ अधिक २१, म्हणजे ४६ मि.मी. खाली असते. म्हणजे भरलेल्या अवस्थेत दोघींत अवघा ४ मि.मी. फरक राहतो. योग्य स्प्रिंगांनी उतरविलेली मोटार मुख्यतः रिकामी असतानाच ठेंगणी दिसते, आणि कठोरही मुख्यतः रिकामी असतानाच लागते. ज्यांची मोटार बहुतेक वेळा एकट्या माणसाला निगडीहून चाकणला नेते, त्यांनी हे विसरू नये.

स्प्रिंग बदलली की आघातशोषक बदलावा लागतो, हे सांगितले जाते. त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. कामगारांच्या बोलीत ज्याला शॉकअप म्हणतात त्याचे काम धक्का शोषणे हे नसून स्प्रिंगेने साठविलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणात विरघळविणे हे आहे. किती अवमंदन पुरेसे, हे ताठपणाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. मूळ रचनेत अवमंदनाचे गुणोत्तर ०.३० असेल आणि ताठपणा दुप्पट केला, तर जुन्याच शॉकअपसह ते ०.२१ होते. मोटार गतिरोधकानंतर एकदा डोलून थांबण्याऐवजी दोन-तीनदा डोलते. उलट बाजूने पाहता, गरजेपेक्षा फार ताठ आघातशोषक बसविले तर लहान खडी व डांबराचे सांधे यांचा सूक्ष्म खडखडाट अंगात भिनतो, कारण त्या जलद हालचालीत प्रेरणा स्प्रिंगेतून नव्हे, तर आघातशोषकातून वर येते. दुसरी बाब आतील दट्ट्याच्या जागेची. मूळ लांबीचा आघातशोषक व आखूड स्प्रिंग असा संयोग केला, तर दट्ट्या नळीच्या तळाकडे सरकतो आणि काही रचनांत रबरी गादीच्या आधीच तळाला भिडतो. म्हणून खाली घ्यावयाच्या मोटारीसाठी आखूड नळीचे, त्याच स्प्रिंगेशी जुळविलेले आघातशोषक घ्यावेत. उंची कमीजास्त करता येणारे, आटे पाडलेल्या नळीचे संच बाजारात मिळतात. त्यांचा मोह असा की आटे फिरविण्यास वेळ लागत नाही, आणि वर सांगितलेला ऊर्जेचा हिशेब त्यामुळे जराही बदलत नाही.

पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे नाते हा या विषयातील सर्वांत जुना व सर्वांत दुर्लक्षित धडा आहे. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ऑली यांनी वजने इकडून तिकडे हलविता येतील अशी प्रयोगाची मोटार तयार करून दाखवून दिले की, पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा मऊ ठेवली तर प्रवास सपाट वाटतो. कारण सरळ आहे. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो व मागच्यांना नंतर. २.४५ मीटर अंतरावर आस असलेली मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हा विलंब सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका असतो. मागची बाजू किंचित जलद हिंदकळली तर ती पुढच्या बाजूला गाठते, आणि नाक वर व शेपटी खाली अशी डुलकी न बसता सगळे शरीर एकत्र खालीवर होते. अशी सरळ हालचाल माणसाला सहज सोसते; डुलकी मात्र मान आणि पोट दोन्ही ढवळते. गॅरेजमध्ये मात्र इंजिनाचा भार पुढे म्हणून पुढच्याच स्प्रिंगा अधिक कडक घेण्याची रीत पडलेली आहे. त्यामुळे ऑलींचा क्रम उलटा होतो आणि मागे बसलेल्यांना मळमळू लागते.

निलंबनाची भूमिती हा स्वतंत्र विषय आहे, आणि येथे या पट्ट्यातील दोन मोटारींची तुलना उपयोगी पडते. पिंपरी येथे तयार झालेली व डिसेंबर १९९८ मध्ये लोकांसमोर आलेली टाटांची इंडिका आणि चाकणची पोलो, या दोहींची पुढची चाके मॅक्फर्सन पद्धतीच्या खांबांवर आहेत. मागे मात्र दोघींचे मार्ग भिन्न. इंडिकाला मागे स्वतंत्र, तिरक्या आसाभोवती फिरणारे अर्ध-अनुगामी बाहू व सर्पिल स्प्रिंगा होत्या. बाहूचा आस तिरका असल्याने चाक वर आले की त्याचा माथा आत झुकतो आणि त्याची दिशाही किंचित बदलते. माणसांनी भरलेल्या जुन्या इंडिकाची मागची चाके माथ्याशी जवळ आल्यासारखी दिसत, ती याचमुळे. अशी मोटार कायमची खाली घेतली, तर हा झुकाव कायमचा होतो आणि टायरांची आतली कड झिजून जाते. बाहेरून पाहणाऱ्यास नक्षी शाबूत दिसते, आणि धोका नेमका तेथेच आहे. पोलोला मागे पिळदार तुळईने जोडलेले दोन अनुगामी बाहू होते. त्यांचा आस आडवा असल्याने दोन्ही चाके एकदम वर आली तरी ती उभीच राहतात. म्हणून मागच्या बाजूपुरते पोलोला खाली घेणे इंडिकाला खाली घेण्याहून निरुपद्रवी ठरते. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये आणि पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तरी दोन्ही प्रकारच्या मोटारी रस्त्यांवर आहेत आणि जुन्या झाल्यामुळेच अशा बदलांसाठी अधिक हाताळल्या जातात.

पुढच्या बाजूला दोघींचे दुखणे एकच आहे. मॅक्फर्सन रचनेत शरीर खाली आले की खालचा बाहू चाकाकडे चढता होतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती शरीर वळणावर कलंडते तो बिंदू शरीराच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली उतरतो. दोहोंतील अंतर, म्हणजे कलंडण्याचा तरफहात, वाढतो. म्हणजे स्प्रिंगा तेवढ्याच ताठ ठेवल्या तर मोटार ठेंगणी होऊन अधिक कलंडते. ठेंगणी मोटार वळणावर आपोआप स्थिर होते, ही लोकसमजूत या रचनेपुरती तरी अर्धसत्य आहे. शिवाय टायरॉडचा कोन व खालच्या बाहूचा कोन यांतील मेळ बिघडला, की खड्ड्यावर चाक स्वतःहून वळू लागते व सुकाणूला हिसके बसतात. चाकांची दिशा यंत्रावर पुन्हा जुळविल्याने उभ्या मोटारीतील चूक दुरुस्त होते. धावत्या मोटारीतील हा दोष त्याने जात नाही. १५-२० मि.मी. पर्यंत तो जाणवण्याइतका नसतो, त्यापुढे वेगाने वाढतो.

आता चाके व टायर. येथे बहुतेकांचे लक्ष रिमच्या चकाकीकडे असते, तर प्रवाससुखाचा प्रश्न टायरच्या भिंतीच्या उंचीत आहे. भारतातील पोलोला १७५/७० आर १४ व १८५/६० आर १५ ही मापे दिली जात. पहिल्याची भिंत १२२.५ मि.मी. व एकूण व्यास सुमारे ६०१ मि.मी.; दुसऱ्याची भिंत १११ मि.मी. व व्यास ६०३ मि.मी. त्याऐवजी २०५/४० आर १७ हे माप बसविले, तर व्यास ५९६ मि.मी. म्हणजे जवळजवळ तेवढाच राहतो, परंतु भिंत ८२ मि.मी. उरते. खड्ड्याची तीक्ष्ण कड लागली असता रिम व रस्ता यांच्यात टायर चिमटला जाण्यापूर्वी जी हवेची गादी असते, तिचा चतुर्थांशाहून अधिक भाग अशा रीतीने आपण स्वतः काढून टाकतो. पावसाळ्यात तळेगाव–चाकण रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही; तेथे हा चतुर्थांश भाग म्हणजे टायर, रिम व कदाचित प्रवास यांतील फरक होय. भारवहनक्षमताही पाहिली पाहिजे. ८४ या निर्देशांकाचे टायर ५०० किलोग्रॅम वाहते. ८३ चे ४८७. रुंद टायर नेहमीच अधिक भार वाहते, असे नाही.

चाकाचे वजन हा स्प्रिंगेखालच्या वस्तुमानाचा भाग आहे. चाक, टायर, गतिरोधक यंत्रणा व हब मिळून ३५ किलोग्रॅम धरले आणि टायरचा ताठपणा दर मिलिमीटरला २०० न्यूटन धरला, तर चाकाची स्वतःची उसळी सुमारे १२.६ हर्ट्झची होते. त्यात ५ किलोग्रॅमची भर पडली की ती ११.८ वर येते. म्हणजे शरीराच्या संवेदनशील पट्ट्याकडे सरकते, आणि उसळलेले जड चाक आवरणे आघातशोषकाला अधिक कठीण जाते. मिश्रधातूचे चाक हलके असतेच, ही दुसरी लोकसमजूत. मोठ्या व्यासाचे स्वस्त ओतीव चाक पुष्कळदा मूळ लहान पोलादी चाकाहून जड भरते. विकत घेण्यापूर्वी तराजूवर ठेवावे. याहून साधी कसोटी नाही. दुसरा भेद मोडण्याच्या रीतीचा. पोलादी चाक वाकते, ओतीव चाक तडकते. याचसाठी मिश्रधातूच्या चाकांची आघातचाचणी करताना ते १३ अंशांनी कलते ठेवून २३० मि.मी. उंचीवरून ठरावीक वजन कडेवर टाकण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. अशा चाचणीतून उत्तीर्ण झालेले चाक आणि तसेच दिसणारे चाक यांत डोळ्यांना भेद दिसत नाही.

हबवर बसणाऱ्या तळापासून चाकाच्या मध्यरेषेचे अंतरही मूळच्या जवळ ठेवावे. पोलोला हे अंतर ४० मि.मी. होते. २५ मि.मी. अंतराचे चाक बसविल्यास ते १५ मि.मी. बाहेर येते. ते रुबाबदार दिसते खरे, परंतु बेअरिंगवरील तरफ वाढते, सुकाणूला रस्त्याचे हिसके अधिक कळू लागतात आणि पुढे चाक कमानीच्या कडेला घासते. हबच्या मध्यभागी चाकाचे भोक सैल असेल तर धातूचे योग्य कडे घालून ते भरावे. केवळ बोल्टांच्या भरवशावर चाक मध्यावर राहत नाही आणि ठराविक वेगाला थरथर सुरू होते.

एवढा विचार झाल्यावर मूळ हौसेकडे वळता येते. उंच दिसणारी मोटार लोकांना का खटकते? डोळ्यांना जमीन व तळ यांतील अंतर सहसा दिसत नाही. खटकते ती टायरचा माथा व शरीराची कमान यांमधील पोकळी. ही पोकळी दोन्ही बाजूंनी भरता येते. पोलोच्या नंतरच्या जीटी प्रकाराला निर्मात्यांनी १९५/५५ आर १६ हे माप दिले होते. त्याचा व्यास सुमारे ६२१ मि.मी. आणि भिंत १०७ मि.मी. आहे. ६०३ च्या जागी ६२१ आले, की शरीर ९ मि.मी. वर जाते, टायरचा माथा १८ मि.मी. वर जातो आणि पोकळी ९ मि.मी. ने घटते. भिंत जेमतेम ४ मि.मी. कमी होते. याच्या जोडीला १५ मि.मी. खाली घेणाऱ्या, जुळविलेल्या स्प्रिंगा व आघातशोषक बसविले, तर पोकळी एकूण २४ मि.मी. ने कमी दिसते. जमिनीपासूनची उंची मात्र केवळ ६ मि.मी. ने घटते, आणि कंप्रता वरील हिशेबाप्रमाणे १.६ हर्ट्झच्या आत राहते. रबरी गादी आपल्या जागीच असल्याने चाक कमाल वर येण्याची मर्यादा बदलत नाही. मात्र टायर मोठे असल्याने त्या शेवटच्या स्थितीत कमानीपासूनचे अंतर तपासून घ्यावे. वेगदर्शक १०० दाखवील तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा सुमारे ३ टक्के अधिक असेल, एवढे लक्षात ठेवावे लागते. याउलट केवळ लहान टायरने, उदाहरणार्थ २०५/४५ आर १६ ने, मोटार ६ मि.मी. खाली येते व निलंबनाची वाट मुळीच खर्ची पडत नाही; परंतु पोकळी वाढते आणि भिंत ९२ मि.मी. उरते. दिसण्याच्या व बसण्याच्या दोन्ही दृष्टींनी हा सौदा तोट्याचा आहे.

जमिनीपासूनची उंची किती पुरेशी, याचे उत्तर गतिरोधक देतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये सांगितलेला गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असून तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आहे. ही मार्गदर्शिका २०१८ मध्ये सुधारण्यात आली. २.४५ मीटर अंतरावर आस असलेल्या मोटारीची चारही चाके त्याच्या कमानीवर आली असता मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा केवळ ४४ मि.मी. वर येतो. म्हणजे १२० मि.मी. उंचीची मोटारही त्यावरून निर्वेध जाईल. परंतु गृहसंस्थांच्या दाराशी, कारखान्यांच्या फाटकांपाशी आणि गावठाणाच्या वेशीवर घातलेले अरुंद गतिरोधक दोन्ही आसांच्या मध्ये सबंध मावतात. तेथे त्यांची पूर्ण उंची, १५० मि.मी. असेल तर १५० मि.मी., मोटारीच्या पोटाखालून जावी लागते. पोलोची रिकाम्या अवस्थेतील उंची सुमारे १६५ मि.मी. सांगितली जाते, माणसे बसल्यावर ती किती उरते, हे वर आलेच आहे. मूळ मोटारच जेथे घासते, तेथे खाली घेतलेल्या मोटारीने काय करावे? चाकणच्याच कारखान्यातून पुढे आलेल्या व्हर्टस या मोटारीला निर्मात्यांनी रिकाम्या अवस्थेत १७९ मि.मी. उंची दिली, यावरून त्यांचे या रस्त्यांविषयीचे मत कळते.

कायद्याचा उल्लेख टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असे फेरफार मालकास करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. निर्मात्याने त्याच मोटारीच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेली मापे निवडण्याचा आग्रह वर धरला आहे, त्यामागे यांत्रिकीखेरीज हेही कारण आहे. अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो तेव्हा कापलेली स्प्रिंग फार बोलकी असते.

कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या मोटारीची मोकळी वाट प्रत्यक्ष किती वापरली जाते, हे मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. पुढच्या आघातशोषकाच्या चकचकीत दांड्यावर एक पातळ रबरी कडे चढवून ते नळीच्या तोंडाशी सरकवून ठेवावे. मोटार नेहमीच्या भाराने भरावी आणि नेहमीच्याच रस्त्याने, समजा भोसरीहून मोशीमार्गे चाकणला व तेथून तळेगाव, देहूरोडवरून परत, नेहमीच्या वेगाने फिरवून आणावी. नळी वर येताना कड्याला वर ढकलते आणि परत जाताना त्याला तेथेच सोडून जाते. कडे व रबरी गादी यांमध्ये उरलेले अंतर म्हणजे त्या फेरीत न वापरली गेलेली वाट. मॅक्फर्सन खांबावर हे अंतर चाकाच्या हालचालीशी जवळजवळ समान असते. मागे आघातशोषक चाकाच्या रेषेत नसेल तर त्याच्या कलाप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. तीस मि.मी. शिल्लक राहिली असतील तर पंधरा खर्च करण्यास हरकत नाही. कडे पहिल्याच फेरीत गादीला टेकलेले आढळले, तर त्या मोटारीपुरता प्रश्न चाकांचा व टायरांचा उरतो, स्प्रिंगांचा नव्हे.